मका, मिरची आणि घशातला जाळ

मराठवाड्यातील सिल्लोड तालुक्यात कपाशीच्या जोडीने मका आणि मिरची ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात, आणि हिरव्या मिरचीच्या खरेदीविक्रीसाठी हा तालुका व त्याला लागून असलेला भोकरदन तालुका दूरवर ओळखला जातो. ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली असून पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय दर्यावर्दी त्या खंडात पोहोचल्यानंतर ती भारतात आली. अमेरिकेत मक्यापासून बनणाऱ्या बर्बन या व्हिस्कीची चव समजून घेताना या दोन्ही पिकांचा आधार घेता येतो; कारण तिचा पाया मक्याचा आहे, आणि नवख्या माणसाला पहिल्याच घोटाला तिच्यापासून परतवणारा जाळ मिरचीच्या तिखटाचा सख्खा भाऊ आहे.

बर्बन म्हणजे किमान ५१ टक्के मका असलेल्या धान्याच्या मिश्रणापासून गाळलेली आणि आतून जाळून कोळसलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की होय. अमेरिकी काँग्रेसने १९६४ मध्ये तिला त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली. तेथील नियमांनुसार पिंपात भरताना तिच्यातील अल्कोहोल ६२.५ टक्क्यांहून अधिक नसावे आणि बाटलीत भरताना ते ४० टक्क्यांहून कमी नसावे लागते. मुरताना लाकडातून व्हॅनिलासारखा गंध देणारे व्हॅनिलिन उतरते, ओकमधील लॅक्टोन या द्रव्यांमुळे सुक्या खोबऱ्याची आठवण होते, आणि लवंगेला तिचा वास देणारे युजेनॉलही त्यात थोडे मिसळते. लवंग आणि खोबरे भाजून काळा मसाला करणाऱ्या मराठवाड्याच्या स्वयंपाकघराला हे गंध परके नाहीत; परंतु जाळ ओसरल्याशिवाय ते ओळखू येत नाहीत.

हा जाळ म्हणजे चव नव्हे, हे येथे प्रथम लक्षात घ्यावे लागते. आयुर्वेदाने कटु, म्हणजे तिखट, हा सहा रसांपैकी एक मानला असला, तरी आधुनिक शरीरशास्त्र त्याची गणना वेदनेत करते. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या चवी जिभेवरील रुचिकलिका टिपतात, गंध नाक टिपते, तर जळजळ ही चेहऱ्याच्या वेदना आणि उष्णता मेंदूकडे वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल या चेतेचा निरोप असतो. या चेतेच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा संवेदक असतो. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्याच्या साहाय्याने तो १९९७ मध्ये शोधून काढला, आणि या दिशेच्या संशोधनासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सामान्यतः सुमारे ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जागा होणारा हा संवेदक अल्कोहोलच्या सान्निध्यात सुमारे ३४ अंशांनाच जागा होतो, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. तोंडाची स्वतःची ऊब त्याहून अधिक असल्यामुळे थंड घोटही पोळल्यासारखा वाटतो. म्हणजे मिरची ज्या दारावर थाप देते, तेच दार दारूही उघडते.

मात्र दोघांवरचा उतारा एक नाही. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ठेच्याने तोंड भाजल्यावर पाणी पिऊन आग शमत नाही, आणि तेल किंवा दही लागते. दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला वेढून दूर नेते. अल्कोहोल मात्र पाण्यात सहज मिसळते, त्यामुळे बर्बनचा जाळ उतरवण्याचे पहिले साधन साधे पाणी हेच आहे. ५० टक्के अल्कोहोलच्या ३० मिलिलिटर बर्बनमध्ये १० मिलिलिटर पाणी घातल्यास अल्कोहोलचे प्रमाण सुमारे ३७.५ टक्क्यांवर येते. हे पाणी थेंबाथेंबाने घालून दर वेळी वास घेत जावे, म्हणजे आपल्याला मानवणारी पातळी सापडते. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपाच्या आधारे असे मांडले, की अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायाकॉल हा धुरकट गंधाचा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे राहतो, तर ५९ टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल त्याला वेढून आत ओढते. बर्फानेही चटका बोथट होतो. परंतु थंडीत गंधद्रव्ये कमी उडतात, म्हणून चव शिकणाऱ्याने त्यावर फार विसंबू नये.

तव्यावर मिरची भाजताना भांड्यावर वाकणाऱ्याला ठसका लागतो, तसाच पेल्यात नाक खुपसणाऱ्याला अल्कोहोलच्या वाफेचा झटका बसतो. म्हणून ओतलेली बर्बन काही मिनिटे तशीच ठेवावी, पेला हनुवटीपाशी धरावा आणि ओठ किंचित उघडे ठेवून हळू वास घ्यावा. पहिला घोट अगदी लहान, तोंडाला ओळख करून देण्यापुरता घ्यावा व त्यावरून मत बनवू नये. दुसरा घोट जिभेवर क्षणभर फिरवून गिळावा आणि श्वास नाकावाटे सोडावा, कारण घशामागून नाकात चढणारा गंधच स्वादाचा मोठा भाग असतो. आधी थोडे खाल्लेले असावे. तिखट खाणे मात्र टाळावे, कारण त्याने तोच संवेदक आधीच चेतवलेला असतो.

या साऱ्या युक्त्यांची मर्यादा स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. पाण्याने जाळ कमी होतो, पेल्यातील अल्कोहोल मात्र तेवढेच राहते. आणि जाळ कमी झाला म्हणून घोट वाढले, तर शरीराने दिलेली एक सूचनाच पुसली जाते. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये मद्यसेवनासाठी परवाना लागतो, आणि व्हिस्कीसारख्या मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. जो पीत नाही, त्याने चवीच्या कुतूहलापोटी सुरुवात करावी असे येथे मुळीच सुचवायचे नाही.

त्याला हाच धडा भाकरी आणि ठेच्यावर गिरवता येतो. मिरचीच्या आतील पांढऱ्या शिरांत तिखट सर्वाधिक असते; त्या काढून केलेल्या ठेच्याचा लहानसा घास सावकाश चावून गिळला आणि श्वास नाकावाटे सोडला, की तिखटाच्या मागे दडलेला भाजलेल्या लसणाचा गंध, शेंगदाण्याचा खमंगपणा आणि मिरचीचा स्वतःचा हिरवा वास एकेक करून पुढे येतो.