पोस्टपासून फॉरवर्डपर्यंत : पालघर-बोईसरची दहा वर्षं

पालघर-बोईसर पट्ट्यात मोबाइलबद्दलचं रोजचं मत एका वाक्यात मावतं : फोन कामाचा आहे, पण त्यावर आपण होऊन काही लिहू नये. स्टेशनवर, कारखान्याच्या गेटवर, शाळेच्या पालकसभेत हे मत शहाणपणाचं म्हणून सांगितलं जातं आणि ते कुणी खोडून काढत नाही. २०१२ ते २०२२ या दहा वर्षांत या भागाचं नाव फोनवरच्या मजकुरामुळे दोनदा देशभर गेलं, आणि दोन्ही वेळा लोकांनी दोष दिला तो यंत्राला. आधी फेसबुक वाईट ठरलं, मग व्हॉट्सॲप. माझं म्हणणं वेगळं आहे. पहिल्या घटनेतून आपण चुकीचा धडा घेतला. आपल्या नावानं जाहीर मत मांडणं धोक्याचं आणि दुसऱ्याचा मजकूर निनावी पुढे ढकलणं मात्र निर्धोक, असं आपण ठरवून टाकलं. खरा धोका होता तो या दुसऱ्या सवयीत.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुंबईत शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार होते आणि सगळीकडे व्यवहार बंद होते. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. तिथल्या विशीतल्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं की माणसं रोज जन्मतात, रोज मरतात, त्यासाठी बंद कशाला. आणि हा बंद आदरापोटी नसून भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीनं त्या मजकुराला पसंती दिली. एवढ्यावरून जमाव जमला, तिच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली आणि दोघींना अटक झाली. भारतीय दंडसंहितेच्या कलमासोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लावलं गेलं. हे कलम २००८ च्या दुरुस्तीनं कायद्यात आलेलं, तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाचं. ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ होईल असा मजकूरही त्याच्या कचाट्यात सापडू शकत होता. पुढे देशभर टीका झाली, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, न्यायदंडाधिकाऱ्यांची बदली झाली आणि २०१३ च्या सुरुवातीला प्रकरण बंद झालं. श्रेया सिंघल या तरुणीनं याच अटकेनंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठानं ६६अ संपूर्ण रद्द केलं. भारतीय नागरिकाच्या भाषणस्वातंत्र्यावरच्या अत्यंत महत्त्वाच्या निकालांपैकी एक असा पालघरच्या एका पोस्टमधून उगवला. पालघरला त्याचा अभिमान वाटायला हवा होता.

तो वाटला नाही, कारण अटक एका रात्रीत घरोघरी पोचली आणि निकाल सव्वादोन वर्षांनंतर आला. अटकेची बातमी हे दृश्य होतं : तोंडावर रुमाल बांधलेल्या मुली, पोलीस, गर्दी. निकाल म्हणजे इंग्रजीतला शंभराहून अधिक पानांचा मजकूर. वडीलमाणसांनी मुलींना कोणती गोष्ट सांगितली असेल, हे वेगळं सांगायला नको. निकाल घरात पोचला नाही हे समजण्यासारखं आहे. तो पोलीस ठाण्यांतही पोचला नव्हता, हे अधिक गंभीर. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेनं २०२१ मध्ये न्यायालयासमोर मांडलं, तेव्हाही ११ राज्यांत ७४५ खटले या रद्द झालेल्या कलमाखाली चालू होते. न्यायालयानं धक्का बसल्याचं बोलून दाखवलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अशी प्रकरणं बंद करण्याचे आदेश दिले. तेव्हा लोकांची भीती निव्वळ अडाणीपणाची नव्हती. कायदा मेल्यावरही त्याचा वापर सुरू असेल, तर गप्प बसणाऱ्या माणसाला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे. पण भीती समजून घेणं आणि तिच्यातून निघालेली सवय बरोबर मानणं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

याच काळात हातातलं यंत्र बदललं. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे दर कोसळले. पुढच्या वर्षी बटणांचा जिओफोन १५०० रुपयांच्या परतीच्या ठेवीवर आला, सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲपही आलं. बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतला परप्रांतातून आलेला कामगार असो की डहाणू-तलासरीच्या पाड्यावरचं कुटुंब असो, ज्यांच्या हाती कधी संगणक आला नव्हता त्यांचं इंटरनेट म्हणजे व्हॉट्सॲप, हे समीकरण तेव्हा बसलं. लोकांचं मतही तसंच बनलं. फेसबुक म्हणजे चव्हाटा, व्हॉट्सॲप म्हणजे घरचं. घरच्यांत बोललेलं बाहेर जात नाही, आणि गेलंच तर ‘आलं तसं पुढे पाठवलं’ म्हणायची सोय आहे. पुढे पाठवलेल्या मजकुरावर मूळ लिहिणाऱ्याचं नाव उरत नाही. हवं तेव्हा पाठवा, जबाबदारी कुणाचीच नाही. २०१२ नंतरच्या पालघरला याहून सोयीचं माध्यम मिळालं नसतं.

यावर आक्षेप घेता येईल की व्हॉट्सॲप पसरलं ते स्वस्त डेटामुळे. ते सगळ्या देशात पसरलं, मग पालघरच्या अटकेशी त्याचा काय संबंध? आक्षेप रास्त आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्रीजवळच्या राईनपाड्याला व्हॉट्सॲपवरच्या अफवेवरून मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं गेलं. तिथं काही पालघरसारखी अटक घडलेली नव्हती. त्यामुळे २०१२ नं अफवा निर्माण केल्या असं मी म्हणत नाही. २०१२ नं अफवेचा विरोधक गप्प केला, असं म्हणतो. प्रत्येक व्हॉट्सॲप गटात एखादा तरी शिक्षक, परिचारिका किंवा कंत्राटदाराचा मुकादम असतो, ज्याला समोरचा मजकूर खोटा असल्याचं कळतं. तो लिहीत नाही. उगाच कशाला आपलं नाव, असं त्याला वाटतं. अफवेला लिहिणारा लागत नाही, फक्त अडवणारा नसला की पुरतं.

१६ एप्रिल २०२० ची गडचिंचले येथील घटना या अंगानं पुन्हा वाचायला हवी. टाळेबंदीत कांदिवलीहून सुरतेकडे गुरूंच्या अंत्यविधीला निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना डहाणू तालुक्यातल्या या गावाजवळ, दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगत, पोलिसांसमोर जमावानं मारून टाकलं. चोर फिरतायत, मुलं पळवतायत, अवयव काढून नेतायत, या बोलवा आठवडाभर त्या भागात फिरत होत्या. त्याच दिवसांत कासा परिसरात मदतीला गेलेल्या डॉक्टर-पोलिसांच्या पथकावरही हल्ला झाला होता. व्हॉट्सॲपनं तोवर फॉरवर्ड करणाऱ्यांचे हात बांधलेले होते. २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवायची मर्यादा आली होती, आणि ७ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे या हत्येच्या नऊ दिवस आधी, वारंवार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा बदल झाला होता. काही उपयोग झाला नाही. रेंज धड नसलेल्या पाड्यांत अफवा फोनवरून आली तरी पुढे तोंडी जाते, आणि तोंडाला कसली मर्यादा घालणार? म्हणूनच ‘व्हॉट्सॲपमुळे झालं’ हे मत मला अपुरं वाटतं. सरपंच बाईंनी जमावाला समजावण्याचा प्रयत्न केल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं. त्या एकट्या पडल्या. आधीच्या आठवड्यात पाड्यापाड्यांवर दहा माणसांनी, आपापल्या नावानं, हे खोटं आहे असं सांगितलं असतं तर चित्र वेगळं असतं, असं मला ठामपणे वाटतं. घटनेनंतर बाहेरच्या लोकांनी तिला धार्मिक रंग देणारे मजकूर देशभर फिरवले, तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून तो दावा खोडावा लागला. मजकूर निनावी, उत्तर नावानिशी : खोट्याला थोपवायला अखेर तेच कामी आलं.

नावानिशी लिहिणारेही विष पसरवतात, हा दुसरा आक्षेप. पसरवतात, यात शंका नाही. पण त्यांना उत्तर देता येतं, त्यांची तक्रार करता येते, उद्या ते खोटे ठरले तर लोक लक्षात ठेवतात. निनावी मजकुराला लाजही नसते आणि आठवणही नसते. याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, लोक महिनोन्‌महिने रात्री घराबाहेर झोपले. अमुक वाजता मोठा धक्का येणार, असे मजकूर अशा वेळी फिरतातच. पण इथं भूकंपमापन यंत्रं बसवली गेली होती, प्रत्येक धक्क्याची वेळ, तीव्रता आणि खोली सरकारी संस्थेच्या नावानं जाहीर होत होती. अफवेशेजारी ठेवून पाहायला काहीतरी होतं. तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत हे नाही. मार्च २०१८ मध्ये एका रात्री तिथं स्फोट झाला, हादरा कित्येक किलोमीटरवर जाणवला. १९६९ पासून अणुवीज केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न कोणता येत असेल? अशा वेळी आगीची चित्रफीत आधी हातात पडते, खुलासा मागाहून येतो, आणि मधल्या वेळात भीतीला मोकळं रान मिळतं.

मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्पष्ट केलं की व्हॉट्सॲप गटातल्या दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. तरीही ‘फक्त ॲडमिन लिहू शकतो’ अशी कुलपं लावलेले गट जागोजाग दिसतात. हे कुलूप अफवा अडवतं असं मानलं जातं. प्रत्यक्षात ते प्रश्न विचारणाऱ्यालाही अडवतं. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर स्वतंत्र जिल्हा आहे, जिल्हाधिकारी हाताशी आहे, औद्योगिक महामंडळाचं कार्यालय वसाहतीतच आहे. तारापूरला पुढचा स्फोट होईल तेव्हा अर्ध्या तासात एका अधिकाऱ्यानं स्वतःचं नाव आणि हुद्दा लिहून, मराठीत आणि हिंदीत, एवढंच कळवावं : कोणत्या कारखान्यात, कोणतं रसायन, वारा कोलवड्याकडे की कुंभवलीकडे, खिडक्या लावायच्या की घर सोडायचं. आणि तो मजकूर जिथं टाकला जाईल तिथं सालवडच्या किंवा पास्थळच्या कुणालाही खाली आपल्या नावानं लिहिता यावं की आमच्याकडे वास येतोय, तुमची माहिती चुकीची आहे.