नरकातला उठाव
अरबी कवितेची नवी वाट : लेखांक ६

बगदादच्या जमील सिद्की झहावीने आपल्या आयुष्याचा आढावा चार विशेषणांत उरकला होता. लहानपणी लोक मला वेडा म्हणत, तरुणपणी उथळ, मध्यमवयात धीट आणि म्हातारपणी पाखंडी, असं तो सांगे. पहिली तीन विशेषणं कुणालाही चिकटू शकतात. चौथ्यासाठी मात्र बरीच मेहनत घ्यावी लागते, आणि ती त्याने मनापासून घेतली.

गेल्या आठवड्यात आपण कैरोच्या अहमद शौकीची ओळख करून घेतली. शौकीची भाषा घरंदाज, घोटीव. झहावीची रोखठोक, कधी कधी तर अग्रलेखालाच वृत्तात बसवल्यासारखी. निव्वळ कवी म्हणून मी त्याला शौकीच्या पंगतीला बसवणार नाही. पण अरबी कवितेत प्रयोगशाळा, विषमता आणि घटस्फोटाचा कायदा हे विषय कुठून शिरले हे पाहायचं, तर झहावीला टाळून पुढे जाता येत नाही.

त्याचा जन्म १८६३चा. घराणं कुर्दी, वडील बगदादचे मुफ्ती, म्हणजे धर्मशास्त्राचा निर्णय देणारे शहरातले सर्वोच्च अधिकारी. घरात अरबी, फारसी, तुर्की, कुर्दी चारही भाषा. युरोपातली एकही भाषा त्याला येत नव्हती. डार्विन आणि न्यूटन त्याला भेटले ते तुर्की अनुवादांतून आणि कैरोच्या ‘अल्-मुक्ततफ’ मासिकातून. अशा वाचनाने माणूस कधी पंडित होतो, कधी विक्षिप्त. झहावी दोन्ही झाला. १९१० साली त्याने गुरुत्वाकर्षणावर पुस्तकच काढलं. पदार्थ एकमेकांना ओढत नाहीत, ढकलतात, असा त्याचा सिद्धांत होता. भौतिकशास्त्राने त्याची दखल घेतली नाही, पण म्हणून झहावीने काही आपला हट्ट सोडला नाही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मात्र त्याने जे लिहिलं, त्याची दखल साऱ्या बगदादला घ्यावी लागली. कैरोच्या ‘अल्-मुअय्यद’ या वृत्तपत्रात त्याचा स्त्रियांच्या बाजूचा लेख आला. लेखात अलंकार जवळजवळ नाहीत, आरोपपत्रासारखी मुद्द्यांची माळ आहे. तलाकची दोरी एकट्या पुरुषाच्या हातात का? वारशात तिला निम्माच वाटा का? तिची साक्ष अर्धी का? त्याला चार बायका, तिला मात्र एकच नवरा, तोही वाटून घेतलेला, हे कसं? आणि बुरख्यात तिला जिवंतपणी का पुरायचं? मुफ्तीच्या घरात वाढलेला माणूस हे लिहीत होता, त्यामुळे ज्यावर बोट ठेवतोय ते त्याला नेमकं ठाऊक होतं. झहावी तेव्हा बगदादच्या विधी महाविद्यालयात शिकवत होता, आणि शिकवण्याचा विषय होता ‘मजल्ला’, म्हणजे शरियतवर आधारलेली उस्मानी दिवाणी संहिता!

शहर पेटलं. त्याला देहदंड द्या अशी मागणी झाली, मशिदींतून निषेध झाले, खंडनाच्या पुस्तिका निघाल्या. बगदादचा वाली, म्हणजे सुभेदार, नाझिम पाशाने त्याची नोकरी काढून घेतली. झहावी घरात दडून बसला. आणि लेख आपला नव्हेच, असं सांगून त्याने हातही झटकले.

त्याच्या चरित्रात अशा माघारी बऱ्याच आहेत. ज्या उस्मानी सुलतान अब्दुल हमीदच्या हेरांनी त्याला इस्तंबूलमधून हाकललं, त्याच्याच राजवटीची तळी उचलणारं, वहाबींवर तुटून पडणारं पुस्तक त्याने १९०५ साली छापलं. पुढे १९१७च्या मार्चमध्ये इंग्रजांनी बगदाद घेतलं. त्या इंग्रजी अमलातही झहावी शिक्षणमंडळावर आणि उस्मानी कायद्यांच्या अनुवाद समितीवर दिसतो. पुढे इराकच्या सिनेटमध्येही. त्याला हुतात्मा व्हायची हौस नव्हती, आणि मला तरी त्यात त्याचा फार मोठा दोष दिसत नाही. मान वाचवून तो पुन्हा तेच लिहायला बसे. बुरखा फेकून दे, असं इराकी बाईला सांगणाऱ्या कविता त्याने त्या गदारोळानंतरही लिहिल्या.

आता कवितेकडे. कसीद्यात, म्हणजे पारंपरिक अरबी दीर्घ कवितेत, पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच यमक चालवावं लागतं. गझलेचा काफिया शंभर-दोनशे शेरांपर्यंत ताणला तर काय होईल, याची कल्पना करा. विचारापेक्षा यमकाची वेठ मोठी होते. ही वेठ मोडा, असं झहावी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सांगत होता आणि त्याने निर्यमक कविता लिहूनही दाखवली. ती फारशी रुजली नाही. चार ओळींच्या रुबाईत मात्र त्याला मोकळं वाटे. उमर खय्यामच्या रुबाया त्याने फारसीतून थेट अरबीत आणल्या, १९२८मध्ये. पुढच्याच वर्षी आपल्याकडे माधव जूलियनांचा ‘उमरखय्यामकृत रुबाया’ हा अनुवाद आला, तोही मूळ फारसीवरून. दोघांना एकमेकांचा पत्ता नसणार. पण खय्यामचा इंग्रजी अनुवादक फिट्झजेराल्ड याला बाजूला सारून खय्यामपर्यंत जावंसं एकाच सुमाराला बगदादला आणि महाराष्ट्राला वाटलं, याची मला मोठी गंमत वाटते.

त्याची खरी करामत १९३१ची. बैरूतच्या एका मासिकात ‘सौरा फिल-जहीम’, म्हणजे ‘नरकातला उठाव’, हे चारशेहून अधिक ओळींचं काव्य छापून आलं. आणि विनोद असा, की ते एकाच यमकात आहे! कवी मेला आहे. कबरीत मुनकर आणि नकीर हे देवदूत त्याची उलटतपासणी घेतात. तो आधी जपून उत्तरं देतो, मग वैतागून मनातलं बोलून टाकतो. देवदूत त्याला स्वर्ग नुसता दाखवतात आणि नरकात टाकतात. तिथे त्याला लैला भेटते. आगीपेक्षा प्रियकराची ताटातूट तिला अधिक जाळते आहे. पुढे सॉक्रेटिस आहे, खय्याम आहे, दान्ते आहे, शेक्सपिअर, न्यूटन, व्हॉल्टेअर, डार्विन. जगातली सगळी विद्वत्ता खाली, आगीत. मग कुणी तरुण शास्त्रज्ञ आग विझवणारं यंत्र शोधून काढतो, अंध कवी अल्-मअर्रीच्या चिथावणीने नरकवासी उठतात, सैतान त्यांच्या बाजूने लढतात आणि स्वर्ग जिंकला जातो. एवढ्यात कवीला जाग येते. रात्री जरजीर या भाजीचा पाला खाल्ला, त्यानेच हे स्वप्न पडलं म्हणे!

शेवटची ही पळवाट खास झहावीची. तरी मुल्लामौलवी खवळलेच. तक्रार इराकचे राजे फैसल यांच्यापर्यंत गेली. पृथ्वीवर क्रांती करणं मला जमलं नाही म्हणून वर जाऊन केली, असं त्याने राजाला उत्तर दिल्याचं सांगतात.

तोवर पाठीच्या कण्याच्या जुन्या दुखण्याने त्याचा एक पाय अधू झाला होता. विस्कटलेल्या केसांचा हा म्हातारा गाढवावर बसून कॉफीखान्यात यायचा. रशीद रस्त्यावरचा कॉफीखाना पुढे त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १९३२ साली रवींद्रनाथ बगदादला आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला तो होता. १९३४ साली फिरदौसीच्या सहस्राब्दीसाठी तेहरानलाही जाऊन आला. १९३६मध्ये तो वारला. त्याच्यावर शोककविता लिहिणाऱ्यांत बगदादचाच दुसरा कवी मअरूफ रुसाफीही होता. दोघांचं वैर बगदादमध्ये सर्वांना ठाऊक होतं. कवी म्हणून रुसाफी सरस होता, असं माझं मत. का, ते पुढच्या लेखांकात.