पेन्सिल कुणाच्या हातात?

चेन्नईत पेरुंगुडीला, ओएमआर रस्त्यावरच्या आमच्या ऑफिसात वेबसाइट बनतात. रंग आणि फोटो यांवर गिऱ्हाईक पटकन राजी होतं, वाद पेटतो तो मजकूर कुठून बदलायचा यावर. एक पद्धत ॲडमिनची: वेगळ्या पत्त्यावर लॉगिन करा, रकाने भरा, सेव्ह दाबा आणि मग खरं पान उघडून काय झालंय ते बघा. दुसरीत पान समोरच असतं. पेन्सिलीवर क्लिक करून तिथंच लिहायचं.

दुसरी पद्धत नवी वाटते, पण ती जुनीच आहे. टिम बर्नर्स-ली यांच्या १९९०च्या पहिल्या ब्राउझरमध्ये वाचताही येई आणि लिहिताही. पुढचे लोकप्रिय ब्राउझर निव्वळ वाचण्यापुरते उरले. १९९५मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांच्या विकीनं लिहिणं पुन्हा पानावर आणलं. मराठी विकिपीडियावर लेखातल्या विभागाशेजारी 'संपादन' दिसतं, ते याच घराण्यातलं.

मग सगळीकडे पेन्सिलच का नाही? मैलापूरचे आमचे एक साडीवाले घ्या. दुकानाची वेळ त्यांच्या साइटवर प्रत्येक पानाच्या तळाशी आहे. पोंगलसाठी ती एका पानावर बदलली की सगळीकडे बदलते, आणि पेन्सिल हे सांगत नाही. ॲडमिनमध्ये 'दुकानाची वेळ' असा एकच रकाना असतो, त्यामुळे घोळ होत नाही. शिवाय अर्धवट मसुदा, पुढच्या शुक्रवारी लागणारा भाव, कुणाला काय बदलायची मुभा, या गोष्टी पानावर दिसतच नाहीत. न दिसणाऱ्या गोष्टीवर पेन्सिल ठेवणार कुठे?

वेबसाइट बनवायच्या ड्रुपल या प्रणालीनं हा धडा जाहीरपणे गिरवला. २०१५च्या आठव्या आवृत्तीत पानावरच बदल करायची सोय मूळ संचात दिली आणि २०२२च्या दहाव्या आवृत्तीत ती काढून घेतली. तशाच वर्डप्रेस या प्रणालीनं २०१८मध्ये मधला रस्ता धरला: लिहायचं ॲडमिनमध्येच, पण मजकूर तिथं पुष्कळसा पानासारखा दिसतो. मला हाच शहाणपणा वाटतो.

साडीवाल्यांच्या मुलीला आम्ही वर्णनं आणि फोटो यांपुरती पेन्सिल दिली. भाव आणि वेळा ॲडमिनमध्ये, हिशेबनिसाकडे. साडीवाल्यांना स्वतःला दोन्ही नको. ते पानाची प्रिंट काढतात, लाल पेनानं खोडतात आणि फोटो व्हॉट्सॲपवर मला पाठवतात.