राखाडी पेटीवर सोनकी फुलली तर?

मित्रांनो, शाळेत जाताना रस्त्याच्या कडेला एक लोखंडी पेटी रोज दिसते ना? विजेची, टेलिफोनची नाहीतर सिग्नलची. अंगावर फाटक्या जाहिराती आणि पानाच्या पिचकाऱ्या! ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराने 1999 पासून सिग्नलच्या अशा पेट्या चक्क नागरिकांना रंगवायला दिल्या. मग जगातल्या कितीतरी शहरांनी ही कल्पना उचलली.

पण भिंती रंगवायचं वेड आपल्याला नवं नाही, बरं का! साताऱ्याच्या वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. त्याच्या भिंतींवर पेशवाईतली चित्रं आहेत; काही आता पुसट झाली आहेत. तिथे गेलात तर नुसता कृष्णेचा घाट बघून परतू नका. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी तर स्वतःच चित्रकार. 1938 साली त्यांनी औंधच्या डोंगरावर कलेचं संग्रहालय उभारलं.

मग आपल्या चौकातल्या पेटीवर काय काढाल? मिकी माउस? छे, तो कुठेही भेटतो! सातारकरांनी कासच्या पठारावरची सोनकी आणि तेरडा काढावा, मिरजकरांनी सतार, सांगलीकरांनी हळद. आणि सांगलीकरांसाठी आणखी एक. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी आहे 45 फूट. (ही उंची नदीच्या मोजपट्टीवरची हं, रस्त्यावरची नव्हे!) तुमच्या चौकात पाणी कुठवर आलं होतं, ते शेजारच्या आजी-आजोबांना विचारा. दोघा-तिघांचं सांगणं जुळलं, की पेटीवर तेवढ्या उंचीला निळी रेघ आणि खाली साल. गल्लीत नव्याने राहायला येणाऱ्याला ती रेघ खूप काही सांगेल.

आता कान टवकारा. विजेच्या पेटीला आपणहून हात लावायचा नाही म्हणजे नाही! आधी मोठ्यांनी महावितरणची लेखी परवानगी काढायची आणि त्यांचा माणूस हजर असेल तेव्हाच ब्रश हातात घ्यायचा. धोक्याची कवटी आणि पेटीचा नंबर झाकायचा नाही. रात्री-अपरात्री वीज गेली की वायरमन त्या नंबरावरूनच पेटी शोधतो. हवेच्या झरोक्यांतही रंग जाता कामा नये, नाहीतर आतली उष्णता बाहेर पडणार कशी? आईबाबांनो, सुरुवात शाळेच्या कुंपणभिंतीपासून केलीत तर उत्तमच.

पत्रा असेल तर आधी गंज पॉलिशपेपरने घासायचा, मग प्रायमर, तो वाळला की ऑइलपेंट. काम उन्हाळ्याआधीच उरका, कारण तापलेल्या पत्र्यावर हात टेकवत नाही. आणि दप्तरातले पोस्टर कलर घेऊन निघालात, तर वळवाच्या पहिल्याच सरीत मिरजेची सतार गटारात वाहून जाईल!