बाथरूमची जुनी फरशी फोडण्याआधी हे करून बघा

टाइल कळकट दिसायला लागली की लगेच फोडाफोडी कशाला? आधी प्रत्येक टाइलवर नाण्याने टकटक करा. पोकळ वाजेल तेवढीच बदला.

पांढरट थर बहुतेक वेळा बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा असतो. सिरॅमिक टाइलवर सायट्रिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून १० मिनिटं ठेवा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. बाजारातलं कडक ॲसिड सांध्यांतलं सिमेंटच खातं. मार्बल किंवा मोझॅक असेल तर कुठलंच ॲसिड नको! आणि ॲसिड-ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

खरा कायापालट होतो तो सांध्यांमुळे. काळवंडलेलं व्हाइट सिमेंट २-३ मिलिमीटर खोल खरवडा, फरशी पूर्ण वाळू द्या, मग इपॉक्सी ग्राउट भरा. रेझिन-हार्डनर एकत्र झाले की ते घट्ट व्हायला लागतं, म्हणून थोडं थोडंच कालवा. रबरी पट्टीने तिरकं दाबत भरा, टाइलवरचं लगेच ओल्या स्पंजने पुसा. वाळलं की निघता निघत नाही. निदान २४ तास पाणी नको.

टाइलवर रंग मारायचा सल्ला मी देणार नाही. रोज पाणी साचतं तिथे तो सोलून निघतोच. खालच्या घरात गळत असेल तर मात्र ग्राउटवर भागणार नाही, वॉटरप्रूफिंगच तपासून घ्या.