उंदीर पचवणाऱ्या मांजराला दुकानातलं कच्चं चिकन का बाधतं?

गाय-म्हैस किंवा शेळीने चारा सोडला की आपण लगेच डॉक्टरांना फोन लावतो. मांजराला जुलाब लागले तर मात्र 'होईल आपोआप बरं' म्हणून सोडून देतो. धान्याची कोठी राखणारं हे जनावर दोन दिवसांच्या जुलाबाने पार सुकून जातं, पिल्लू असेल तर दगावतंही. बऱ्याचदा कारण एकच असतं. 'मांसाहारीच तर आहे' म्हणून कोणीतरी चिकनच्या दुकानातून पावशेर कच्चे तुकडे आणून एकदम समोर टाकलेले असतात.

मांजर मांसाहारी आहे हे खरंच. टॉरिनसारखे काही घटक त्याला मांसातूनच मिळतात, भाकरीतून नाही. मग उंदीर पचतो आणि चिकन का नाही?

उंदीर ताजा असतो, पाच मिनिटांपूर्वी पळत होता. शिवाय तो अख्खा जातो. मांस, बारीक हाडं, काळीज, हृदय, सगळं थोडं थोडं पोटात जातं. दुकानात मांजरासाठी म्हणून जे मिळतं ते बहुतेक कातडी आणि चरबी. सकाळी कापलेलं, दुपारपर्यंत उघड्यावर, त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे. अशा मांसावर साल्मोनेलासारखे जंतू भराभर वाढतात. दुसरी गोष्ट मांजराच्या आतड्याची. वर्षानुवर्षं दूध-भाकरी खाल्लेल्या मांजराच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्याच खाण्याला सरावलेले असतात. त्यांना बदलायला वेळ लागतो.

आणि दुधाचं काय? बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. ज्याला आपण 'नाजूक पोटाचं' म्हणतो, त्यातली कितीतरी मांजरं नुसतं दूध बंद केल्यावर सुधारतात. म्हणून आधी दूध थांबवा, पाणी भरपूर ठेवा, जंताचं औषध झालं नसेल तर डॉक्टरांना विचारून द्या. जुलाब चालू असताना कच्च्याची सुरुवात करायचीच नाही. आठवडाभर उकडलेलं चिकन द्या, मीठ-हळद-मसाला न घालता. कांदा-लसणाचा रस्सा तर अजिबात नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात.

शी घट्ट झाली की मग सुरुवात. एकच मांस धरा, आज चिकन, उद्या मासळी असं नको. कातडी-चरबी काढलेल्या मांसाचा नखाएवढा कच्चा तुकडा उकडलेल्यात मिसळून तीन-चार दिवस द्यायचा. ठीक चाललं तर पाव भाग कच्चं, मग निम्मं. प्रत्येक पायरीला चार दिवस तरी द्या. नाजूक पोटाला यात तीन-चार आठवडे जातात, घाई करून उपयोग नाही. शी पातळ झाली तर आधीच्या पायरीवर परत या. तीन-चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण १०० ते १५० ग्रॅम पुरतं, तेही तीन-चार वेळा विभागून. फ्रिजमधलं थंडगार तसंच देऊ नका, वाटी कोमट पाण्यात ठेवून गारवा घालवा. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचलून टाका. आणि 'भूक लागली की खाईल' म्हणून उपाशी ठेवू नका, विशेषतः जाड मांजराला. दोन-तीन दिवसांच्या उपासाने त्याच्या यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं.

नुसतं बिनहाडाचं मांस महिनोन् महिने दिलं तर कॅल्शियम कमी पडतं, वाढत्या पिल्लांची हाडं वाकतात. अर्धा किलो मांसाला साधारण अर्धा चमचा अंड्याच्या टरफलाची बारीक पूड मिसळता येते. कोंबडीचं हृदय मिळालं तर उत्तम, त्यात टॉरिन भरपूर असतं. कलेजी मात्र चवीपुरती. रोज भरपूर दिली तर जीवनसत्त्व अ अंगात साठून त्रास होतो. शिजवलेली हाडं कधीच नकोत, ती टोकदार फुटतात आणि आतडं फाडतात. मासळी शिजवूनच द्या, कारण अनेक कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तो शिजवल्यावर जातो.

आता थोडं स्पष्ट बोलू. अमेरिकेतील पशुवैद्यकांची मोठी संघटना घरच्या प्राण्यांना कच्चं मांस देऊ नका, असंच सांगते. आपल्याकडेही कारण ताजं आहे. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे मेले आणि बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने गेल्याचं तपासणीत स्पष्ट झालं. वाघाची मावशी यातून सुटलेली नाही, मध्य प्रदेशात छिंदवाड्याला मांजरांतही हा विषाणू सापडला. मांस गोठवून तो मरत नाही, शिजवल्यावर मरतो. परिसरात कोंबड्या किंवा कावळे मरत असतील तर कच्चं चिकन त्या दिवसापासून बंद. घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा फार म्हातारं माणूस असेल, तर कच्च्याच्या वाटेला जाऊच नये. पिल्लांना आणि गाभण मांजरीलाही नको. आमच्या मते आपल्याकडच्या उन्हाळ्यात नाजूक पोटाच्या मांजराला उकडलेलं मांसच बरं. त्याला ते चांगलं पचतं, फक्त टरफलाची पूड आणि हृदय त्यातही हवं.

शीमध्ये रक्त किंवा शेंबडासारखी आव दिसली, उलट्या थांबेनात, दिवसभर काही खाल्लं नाही, किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच खाली बसली नाही, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. जाताना झाकणाच्या स्वच्छ डबीत शीचा नमुना घ्या आणि गेल्या आठ दिवसांत काय काय खाऊ घातलं ते आठवून सांगा. घरातली माणसांची गोळी देऊ नका. ताप वाटला म्हणून दिलेली पॅरासिटामोलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.